लाखामागे पन्नास हजार

हसायचं तेवढं आत्ताच हसून घ्या, कारण मध्येच हसलात तर मी गोष्ट अर्धवट सोडून उठेन. चहा मिळाला ना सगळ्यांना? हं, तर ऐका माझी फजिती.

मी कार्डिफमध्ये एका इन्शुरन्स कंपनीत आकडे बघतो. कुठे किती घरं फोडली जातात, कुठे किती गाड्या ठोकल्या जातात, त्यावर माझं पोट. एवढं लक्षात ठेवा, कारण पुढे माझी अब्रू गेली ती आकड्यांवरूनच!

बायको, रुचा, इथल्याच हॉस्पिटलमध्ये डॉक्टर. ड्युट्या करून करून नुसता पिट्टा पडलेला. अशात तिला प्रशांत महासागरातल्या एका चिमुकल्या बेटाच्या देशात वर्षभराची नोकरी मिळाली. एकच हॉस्पिटल, खिडकीसमोर समुद्र. बाईसाहेब हवेत! मी मागाहून सुट्टी काढून जाणार होतो. देशाचं नाव नाही सांगत. माझ्याकडून त्यांची एकदा बदनामी झाली तेवढी पुरे.

अडचण एकच. तिथे आठवड्याला एक विमान. त्या विमानाने रुचा पोचली नाही, तर जागा दुसऱ्या डॉक्टरला. हॉस्पिटलच्या प्रमुख बर्नडेटबाईंनी हे गोड आवाजात, पण अगदी स्पष्ट सांगितलं होतं.

आता नवरा म्हणून माझं काही कर्तव्य आहे की नाही? मी त्या देशातल्या गुन्ह्यांचे आकडे काढले. लाखामागे खून बघितले आणि माझा टोस्ट हातातच राहिला. जगातल्या भल्याभल्या बदनाम शहरांच्या वर हे बेट!

"रुचा, तू जायचं नाहीस."

"का?"

"तिथे माणसं मारतात."

"कुठली माणसं?"

"लाखामागची!"

"मंदार, तू ना, इन्शुरन्सवाल्यांसारखं बोलू नकोस."

"अगं, मी इन्शुरन्सवालाच आहे!"

ती ऐकेना. मग बर्नडेटबाईंबरोबरच्या पुढच्या व्हिडिओ कॉलला मी तिच्या खांद्यावरून डोकं घातलं. हातात चक्क ग्राफ. ते संभाषण इंग्लिशमध्ये झालं, तुम्हाला मराठीत सांगतो.

"मॅडम, तुमच्याकडे खुनांचं प्रमाण फार आहे."

बाई गंभीर झाल्या. "हो. एक."

"लाखामागे एक?"

"नाही, एकूण एक. परक्या बोटीवरचे खलाशी आपापसात भांडले होते. लोक अजून हळहळतात."

मी ग्राफ उलटा केला. "बरं, पण चोऱ्या? त्या तर वर्षात दुप्पट झाल्यात!"

"खरंय," बाई म्हणाल्या. "आमच्या पाद्रीबाबांची सायकल. आदल्या वर्षी एकदा नेली, गेल्या वर्षी दोनदा. पण परत आणून ठेवतात हो. शेवटच्या वेळी तर पंक्चर काढून ठेवली."

तेवढ्यात मागून एक धिप्पाड गृहस्थ केळं खात डोकावले आणि त्यांनी हात हलवला. हे बाईंचे मिस्टर, म्हणजे तिथले पोलीसप्रमुख. त्यांच्या एकंदर तब्येतीवरून कामाचा ताण दिसत नव्हता.

आलं ना लक्षात? मूठभर वस्तीचा देश. तिथे एक जरी काही घडलं तरी लाखाच्या हिशोबात त्याचा डोंगर होतो! ऑफिसात नव्या पोरांना हे कोण शिकवतं? मी! "आधी भागाकारात खाली काय आहे ते बघा रे," असं वर दरडावतो!

शहाणा माणूस इथे गप्प बसला असता. पण माझ्या डोक्यात चोर शिरला तो शिरलाच. बेटावर नाहीत ना चोर? मग इथे असणार!

सोमवारी रुचाचं विमान. शनिवारी संध्याकाळी मित्रमंडळींनी तिला निरोपाचं जेवण ठेवलं होतं. निघताना बघतो तर हिचा पासपोर्ट ड्रॉवरमध्ये! त्यातच त्या देशाचा व्हिसा. आणि चोर पहिल्यांदा काय उघडतो? ड्रॉवर! मी तो गुपचूप गादीखाली सरकवला. मग वाटलं, गादीखाली तर कुणीही बघेल. म्हणून जिन्याखालच्या कपाटातल्या माझ्या थंडीच्या बुटात कोंबला. गाडीत बसलो, पण जीव स्वस्थ बसेना. गॅस बंद आहे का बघतो म्हणून पुन्हा आत जाऊन आलो, आणि आम्ही जेवायला गेलो. पुरणपोळी काय झाली होती!

रविवारी दुपारी बॅगा भरताना वरून हाक आली, "मंदार, पासपोर्ट ड्रॉवरमध्ये नाहीये रे!"

"नसणारच! बुटात आहे."

"कुणाच्या?"

मी ऐटीत कपाट उघडलं. बूट झटकला. रिकामा! दुसरा झटकला. त्यातून एक जुना मोजा पडला. गादी उलटली, तिथेही काही नाही.

"रुचा, आपल्याकडे चोरी झालीये. आणि जागा फक्त मला ठाऊक होती. म्हणजे चोर किती सराईत असेल बघ!"

मी पोलिसांना फोन लावला. पलीकडची बाई शांतपणे विचारत होती.

"काय काय गेलंय?"

"पासपोर्ट."

"दागिने? लॅपटॉप?"

"जागेवर आहेत."

"दार, खिडकी फोडलीये?"

"नाही."

"पासपोर्ट कुठे होता?"

"बुटात."

"बूट गेला का?"

"नाही, बूट आहे."

तिने बिचारीने तरीही तक्रार नोंदवली. मी शेजारच्या गॅरेथआजोबांना सांगितलं, त्यांनी गल्लीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं. थोड्याच वेळात अख्खी गल्ली आपापले कचऱ्याचे डबे उपसत होती आणि आजोबा कुत्र्याला घेऊन कोपऱ्यावर पहाऱ्याला उभे!

आणि रुचा? जिन्याच्या पायरीवर बसून मुसमुसत होती. नवा पासपोर्ट, नवा व्हिसा, कधी व्हायचं ते सगळं? तो समुद्र तिच्या हातातून चालला होता आणि मी शेजारी बसून तिच्या पाठीवरून हात फिरवत होतो. खरं सांगतो, मलाही रडू फुटायचं बाकी होतं.

शेवटी ती डोळे पुसून उठली. "बर्नडेटना कळवून टाकते. आणि भात लावते, सकाळपासून पोटात अन्न नाहीये."

तिने फोन मिसळणाच्या डब्याला टेकवून उभा केला. तिकडे सकाळ झालेली. बाईंना सगळं सांगता सांगता तिने तांदळाचा डबा उघडला, वाटी खुपसली, आणि वाटी कशाला तरी अडली. तिने हात घातला. तांदूळ सांडत सांडत निळा पासपोर्ट वर आला!

गॅस! मी गॅस बघायला आत गेलो होतो ना? आमची आई गावाला निघाली की तिच्या बांगड्या नेहमी तांदळाच्या डब्यात जायच्या. जाता जाता बुटातला पासपोर्ट काढून घेतला, गॅस बघितला, शेजारी डबा दिसला, आणि माझ्या हातांनी मला न विचारता घराण्याची परंपरा चालवली होती!

रुचाने तोच पासपोर्ट माझ्या डोक्यात हाणला. मग एकदम हसायला लागली, पुन्हा रडली, पुन्हा हसली. मी तिथेच फरशीवर बसलो आणि "सुटलो, सुटलो" म्हणत राहिलो. आयुष्यात इतकं हलकं कधी वाटलं नव्हतं मला.

"सापडला?" फोनमधून बाई ओरडल्या. "चोर कोण?"

रुचाने कॅमेरा माझ्याकडे वळवला. केसांत तांदूळ, मांडीवर तांदूळ.

बाईंनी मला नीट न्याहाळलं. "घरात माणसं किती तुम्ही?"

"दोन."

"आणि चोऱ्या?"

"एक."

"मग लाखामागे किती झाल्या?"

काय करणार, धंदाच तो माझा. तोंडून निघून गेलं, "पन्नास हजार."

"अरे देवा! रुचा, तू आधी निघ त्या घरातून!"

रुचा गेली, मजेत आहे. मी पुढच्या आठवड्यात जातोय. तिने आंबेमोहोर मागवलाय, पण मी पोहेच घेतलेत. कारण त्या दिवशी फोन ठेवता ठेवता पोलीसप्रमुख केळं बाजूला ठेवून बायकोला म्हणाले होते, "याला येऊ दे. पण विमानतळावर याचे तांदूळ मी स्वतः तपासणार."