जिनं हरवलं तिच्यासाठी

आमच्या चाकणच्या कंपनीत कॅन्टीनवाली मावशी हाय. पळी नाचवल्याबिगर ती बोलतच न्हाई. तिची पोरगी भारताकडून परदेशात कुस्ती खेळाया गेली, आन् पयल्याच कुस्तीत हारली. जेवणाच्या सुट्टीत मोबाईलवर तिला हरवणाऱ्या पोरीची पुढची कुस्ती बघताना मी त्या पोरीला शिव्या घातल्या. वाटलं, मावशी खूश व्हईल, रस्सा जास्त वाढंल.

पळी माझ्याच टाळक्यात बसली. "मुडद्या, तिला जिंकू दे! ती फायनलला गेली, तरच माझ्या पोरीला पदकासाठी परत खेळाया मिळतंय."

"म्हंजे हरवणारीसाठीच देव पाण्यात घालायचे?"

"मग! माझी पोर काय ऐऱ्यागैऱ्या पोरीकडून हारली व्हय?"

समदं कॅन्टीन त्या परक्या पोरीसाठी ओरडलं. मला तिचं नाव घेता येईना, म्हणून मी नुसतं "ताई, ताई" केलं. ताई फायनलला गेली.

मावशीनं पदर खोचला. "आता माझी बघा."