गुरुप्रसादने पुसलेलं नमन

गुरुप्रसाद आमच्या वाडीच्या नमनाचा, म्हणजे शिमग्यातल्या खेळ्यांचा, मृदंगी. मुंबईत छापखान्यात होता. छापखाना बंद झाला तसा संगमेश्वराकडे गावी परतला, येताना मालकाने दिलेला जुना कॉम्प्युटर घेऊन आला. मी चिरेखाणीत हयात घातली. माणूस कुठे अंग राखतो ते मला लगेच दिसतं. गुरुप्रसादने कधी राखलं नाही.

नमनातला गण, गवळण, सगळं वाडीतला जुना गाणारा बाबूदादा म्हणायचा. बाकीचे फक्त धृपद धरायचे. कागदावर काही नव्हतं. गुरुप्रसाद बाबूदादाच्या पडवीत बसून एकेक गाणं मोबाईलवर घ्यायचा आणि घरी येऊन कॉम्प्युटरात ठेवायचा. पुढे बाबूदादाला अर्धांगवायू झाला, वाचा गेली. तेव्हापासून वाडीची गाणी त्या एका मशीनमध्ये होती.

मशीन थकलं. गाणं मध्येच अडकायचं. शिमग्याआधी पोरांना चाली शिकवायच्या होत्या. त्याला कळलं की एका विद्यापीठातली माणसं लिनक्स नावाची, कॉम्प्युटर चालवणारी यंत्रणा सांभाळतात. ती फुकट मिळते, मराठीत दिसते, जुन्या मशीनवर चालते. वाडीत रेंज नाही. तो वरच्या सड्यावर, माळावर रेंज येते तिथे जाऊन, तापल्या कातळावर बसून ती मोबाईलवर उतरवायचा. तुटली की पुन्हा पहिल्यापासून. उतरल्यावर ती धड आली का हे कळायला विद्यापीठाने दिलेली खूण ताडून पाहिली. जुळली नाही, म्हणून परत उतरवली. दुसऱ्या कोणी तशीच रेटली असती. मग ती पेनड्राइव्हवर घेतली.

बसवताना मी शेजारी होतो. पडद्यावर प्रश्न आला: जुनं राखून बाजूला बसवू, की सगळी डिस्क पुसून बसवू? मी विचारलं, पुसून म्हणजे काय?

आमच्याकडे भाताचं रोप करायच्या जागेला दाढ म्हणतात. तिथे पेरणीआधी शेण-पाला पसरून जाळतात. गुरुप्रसाद म्हणाला, "दाढ भाजल्याबिगर रोप धरतं काय? तण जळतं, जमीन तशीच ऱ्हाते."

मला पटलं. जुनी बिघडलेली यंत्रणा म्हणजे तण, गाणी म्हणजे जमीन, असा त्याचा हिशेब. त्याने पुसायचं बटण दाबलं.

लिनक्स नीट बसली. मशीन झपाझप चालू लागलं, अक्षरं मराठीत आली. गुरुप्रसाद खूश झाला. मग गाणी शोधू लागला. बराच वेळ शोधत होता. मोबाईलवरची त्याने जागा करायला कधीच काढून टाकली होती.

रत्नागिरीला दुकानात नेलं. तिथल्या माणसाने दोन दिवस ठेवून घेतलं आणि हात टेकले. जिथे गाणी होती तिथेच नवं लिहिलं गेलं होतं.

बाबूदादाची बायको काशीवहिनी म्हणाली, "त्यांना सांगू नको. बोलत नाय, पण ऐकतात सगळं."

तरी गुरुप्रसादने सांगितलं. बाबूदादाने त्याच्याकडे पाहिलं आणि मान भिंतीकडे वळवली.

आता गुरुप्रसाद रोज सकाळी तिथे जातो. आठवेल तसं म्हणतो. बरोबर असेल तर बाबूदादाने डावा हात उचलायचा, असं ठरलंय. गवळणीची थोडी कडवी अशी ठरली. गण जमत नाही. तो शब्द फिरवतो, चाल बदलतो, पुन्हा पहिल्यापासून धरतो.

काल मी गेलो होतो. बाबूदादाचा हात एकदाही उचलला गेला नाही.

"दमले ते," काशीवहिनी म्हणाली. "तू पण जा आता घरी."

गुरुप्रसाद उठला नाही.