तिसरी हाक
घरासमोर रस्त्याच्या कामासाठी काळी खडी टाकली आहे. तिच्यावर पाणी मारलं की ओल्या दगडाचा वास येतो आणि मला माढ्याजवळची ती ओसाड खाणवस्ती आठवते. कॉलेजात असताना मी वडिलांबरोबर तिथे गेलो होतो. सुरुंगात मेलेल्या एका कामगाराची छिन्नी तिथे भरदुपारी वाजते, असं लोक सांगत. तो वडिलांचा मित्र होता. सुरुंगाची वात पेटवण्याआधी सगळ्यांनी दूर व्हावं म्हणून तीनदा हाक द्यायचं काम वडिलांचं. त्या दिवशी आपण दोनदाच ओरडलो, हे त्यांच्या मनातून कधी गेलं नाही. म्हणून ते वीस वर्षं तिकडे फिरकले नव्हते. बिनछपराच्या खोल्यांत बाभळी वाढल्या होत्या, खाणीत हिरवं पाणी साचलं होतं. तेवढ्यात ठक्‌ ठक्‌ ऐकू आलं. वडिलांनी माझा हात घट्ट धरला. शेवटच्या भिंतीआड एक म्हातारी छिन्नीने पाट्याला टाकी लावत बसली होती. ती त्या मित्राची बायको. "भूत म्हणत्यात ते मलाच की," ती हसली, "बरंच हाय, कोन हितनं उठवाय येत न्हाय." वडील हसले नाहीत. "वहिनी, मी दोनदाच वरडलो हुतो." तिने छिन्नी खाली ठेवली. "तीनदा वरडला हुता, दादा. मी हितंच हुते. ह्येच जागचं उठलं न्हाईत." परतताना वडील चक्क गुणगुणत होते. परवा त्यांचं तेरावं झालं. ती खरं बोलली होती का, हे विचारायला मी पुन्हा कधी गेलो नाही, आणि आता जाणारही नाही.