हेल्मेटसाठी थांबलेला कावळा

नौदलातल्या वैमानिकांची जुनी हेल्मेटं मी जमवतो, हे नव्या ओळखीच्या माणसाला मी लवकर सांगत नाही. सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो, तुम्ही नेव्हीत होता का. नव्हतो. अंबरनाथ एमआयडीसीतल्या व्हॉल्व्ह बनवणाऱ्या एका कंपनीत मी क्वालिटी बघतो. विमानात बसलोय ते कंपनीच्या खर्चाने, आणि दर वेळी मधल्या सीटवर. पोहायलाही येत नाही. तरी बदलापूरच्या शिरगावातल्या आमच्या फ्लॅटच्या आतल्या खोलीत, जिथे बायकोला शिलाई मशीन ठेवायचं होतं, तिथे कपाट भरून हेल्मेटं, ऑक्सिजनचे मास्क, चामडी हातमोजे आणि एक पिवळं लाइफ जॅकेट आहे. बायको तिला मुंडक्यांची खोली म्हणते.

सुरुवात उल्हासनगरात झाली. आमच्या कंपनीचं स्क्रॅप उचलणाऱ्या सिंधी व्यापाऱ्याच्या गोदामात मी एकदा कामासाठी गेलो होतो. लिलावातून आलेल्या जुन्या लष्करी मालाच्या ढिगात एक पांढरं हेल्मेट पडलेलं दिसलं. पुढे काळी काच, वर सरकवता येणारी. आतलं चामडं घामाने काळं पडलेलं. व्यापारी म्हणाला, "साईं, पायलट का टोपा है, बच्चे को दे दो, खेलेगा." मुलाला कसला देतोय. त्या दिवसापासून तो माझ्यासाठी टोपे बाजूला काढून ठेवायला लागला आणि मी बिघडलो.

या छंदाची एक गोष्ट बाहेरच्यांना कळत नाही. नुसत्या हेल्मेटला संग्राहक फार विचारत नाही. ते कोणी घातलं होतं, कुठे घातलं होतं, हे सांगणारं माणूस लागतं. गोदामातला माल निनावी असतो. माझ्या कपाटातली सगळी डोकी अनाथ होती, आणि मला एक तरी नाव-गाव असलेलं डोकं हवं होतं.

ते मला आमच्या सोसायटीच्या सव्वीस जानेवारीच्या कार्यक्रमात भेटलं. मी माझी चार हेल्मेटं टेबलावर मांडली होती. एक वयस्कर गृहस्थ आले, त्यांनी त्यातलं एक उचललं, उलटं केलं आणि सरळ आत नाक घातलं. मला राग आला होता. ते म्हणाले, "हे खरं वापरलेलं आहे. हा वास जात नाही." मग सहज सांगितलं की ते स्वतः नौदलात होते, समुद्रावर गस्त घालणाऱ्या विमानात मागच्या सीटवर बसून रडार बघायचे, आणि त्यांचं हेल्मेट अजून घरी माळ्यावर आहे.

मी दुसऱ्याच रविवारी त्यांच्या घरी हजर झालो.

काका बदलापूर पश्चिमेला तळमजल्यावरच्या फ्लॅटमध्ये राहायचे. काका आणि काकू, दोघंच. मुलगा बंगलोरला, रविवारी संध्याकाळी त्याचा फोन. काकांनी चहा झाल्यावर स्टुलावर चढून माळ्यावरून उशीच्या अभ्र्यात गुंडाळलेलं हेल्मेट काढलं आणि माझ्या मांडीवर ठेवलं. पांढरं, दोन्ही बाजूंना लाल पट्ट्या. मागच्या बाजूला लाल रंगात हाताने काढलेला एक बोंबील. काका कोकणातले, म्हणून बरोबरच्या एका पंजाब्याने चेष्टेत काढलेला. त्याला मासे कशाशी खातात तेही माहीत नव्हतं, त्यामुळे बोंबलाला मिशा होत्या. असं हेल्मेट जगात दुसरं असणं शक्य नव्हतं. माझ्या तोंडाला अक्षरशः पाणी सुटलं.

मी मागितलं. काका हसले. "मी गेल्यावर ने."

त्यानंतर मी जातच राहिलो. कधी महिन्यातून एकदा, कधी दोनदा, उल्हासनगरहून मूगडाळीचे पापड घेऊन, कारण काकांना ते आवडायचे. हेल्मेट दुसऱ्या चहाशिवाय माळ्यावरून उतरत नसे. पहिल्या आणि दुसऱ्या चहाच्या मध्ये काका गोष्टी सांगायचे. जहाजावर उतरताना विमानाचा हूक दोरीत अडकला नाही तर काय होतं, पावसाळ्यात खालचा समुद्र आणि वरचं आभाळ एकाच रंगाचं कसं होतं, त्यात रडारवरच्या एका ठिपक्यासाठी तासन्‌तास डोळे कसे ताणायचे. चांगल्या गोष्टी होत्या. पण माझं म्हणजे देव देवळात आणि चित्त खेटरात. मान हलवत मी माळ्याकडे बघायचो. काकांनी एखादी गोष्ट पुन्हा सांगायला घेतली की मी घड्याळ बघायचो. काही वर्षं हे असं चाललं. मी अधूनमधून विषय काढायचो, काका म्हणायचे, "सांगितलं ना, मी गेल्यावर." पुढे पुढे तो आमच्यातला विनोदच झाला. पाहुण्यांसमोरही काका माझी ओळख करून द्यायचे, हा माझ्या मरणाची वाट बघतोय. सगळे हसायचे. मीसुद्धा.

मागच्या वर्षी काका गेले. सकाळी अंघोळीला जाताना कोसळले. काकूंचा फोन आला तेव्हा मी कंपनीत होतो. फोन ठेवला आणि माझ्या मनात आधी काका आले नाहीत. हे लिहायला मला लाज वाटते, पण हेल्मेट आलं. मुलगा पोचेपर्यंत त्याचं काय होईल, बायका घर आवरतील, माळा आवरतील, अभ्रा म्हणून कोणी धुवायला काढेल, असलं काहीतरी. घरी पोचलो तर काका बाहेरच्या खोलीत जमिनीवर. मी पायांवर डोकं ठेवलं. उठताना नजर वर गेली, अभ्र्याचं टोक दिसलं, आणि माझ्या जिवात जीव आला. त्या खोलीत तेव्हा जिवात जीव आलेला मी एकटाच असेन.

दहाव्याला नदीवर गेलो. काकूंना बरं नव्हतं म्हणून त्या घरीच होत्या. मुलगा, त्याचा मामा, चार नातेवाईक आणि मी. भटजींनी पिंड मांडला आणि आम्ही सगळे मागे सरलो. कावळ्यांना तोटा नव्हता. झाडावर होते, तारेवर होते, एक तर पायरीवर येऊन बसला होता. पण पिंडाला कोणी शिवेना. शेजारी दुसऱ्या कुटुंबाचं चाललं होतं, त्यांच्या पिंडावर दोन कावळे एकदम तुटून पडले, आणि ती माणसं सुटल्यासारखी चहाच्या टपरीकडे निघून गेली.

कावळा शिवला नाही म्हणजे गेलेल्याची इच्छा राहिली. मग एकेकाने पुढे होऊन शब्द द्यायचा. मुलाने हात जोडले, आईला एकटं ठेवणार नाही म्हणाला. कावळा जागचा हलला नाही. नातीचं शिक्षण झालं, गावच्या देवाचा नारळ झाला, गावातल्या सामाईक विहिरीचं भांडणही मामांनी तिथल्या तिथे सोडून दिलं. ऊन चढत होतं. भटजींना पुढचं काम होतं, ते दर्भाची जुळवाजुळव करायला लागले.

तेवढ्यात मामांना आठवलं. "अरे, ते हेल्मेट! ते यांना द्यायचं म्हणायचे ना?"

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मुलगा पुन्हा पुढे झाला आणि म्हणाला, "बाबा, हेल्मेट दादांना देऊ. तुम्ही सांगितलं होतं तसंच."

मी या गोष्टी मानत नाही. कावळा बसायला आणि फांदी तुटायला, यापलीकडे कावळ्याचं महत्त्व मी कधी धरलेलं नाही. खिडकीत बसला तर मी त्याला हाकलतो. पण त्या क्षणी मी हात जोडले होते आणि मनापासून म्हणत होतो, ये बाबा, एकदा ये. तो शिवला असता तर हेल्मेट चारचौघांत, धर्माने, माझं झालं असतं. पायरीवरचा कावळा दोन उड्या मारून पुढे आला. पिंडापाशी थांबला. मान तिरकी केली. मग वळला आणि उडून गेला.

भटजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि विधी उरकला. परतताना मामा माझ्या शेजारी चालत होते. म्हणाले, काय राहिलं असेल हो मनात? मी म्हटलं, काय माहीत. माझे कान गरम झाले होते, उन्हाने म्हणावं तर डोक्यावर टोपी होती.

तेराव्याचं जेवण झाल्यावर काकूंनी मला आतल्या खोलीत बोलावलं. पलंगावर अभ्र्यातलं हेल्मेट काढून ठेवलेलं होतं. नदीवरचं सगळं मुलाने त्यांना सांगितलं होतं. मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं की घाई नाही, नंतर बघू.

काकू म्हणाल्या, "ते तुला केव्हाच देणार होते. दोनदा पिशवीत भरून दाराशी आणून ठेवलं होतं. तू यायच्या आधी परत माळ्यावर टाकायचे."

मी विचारलं, का.

"म्हणायचे, हे दिलं की हा यायचा बंद होईल."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. मी मान खाली घालून म्हटलं, "काकू, मी आलो असतो."

"हो रे. मीही त्यांना तेच सांगायचे, असा नाही तो." त्यांनी अभ्र्याची गाठ घट्ट केली. "घेऊन जा. नदीवर शब्द दिलाय."

मी नाही म्हणायला हवं होतं. ते मला सुचलं रिक्षात बसल्यावर, हेल्मेट मांडीवर असताना. मागे वळून ते परत देता आलं असतं. रिक्षावाल्याने विचारलं, नवीन बाइक घेतली का साहेब, आणि मी हो म्हटलं.

बोंबील आता कपाटात मधल्या फळीवर आहे. दोनतीन संग्राहक मुद्दाम बघायला येऊन गेले. गोष्ट विचारली की मी पंजाब्याची आणि मिशांची गोष्ट सांगतो, ते हसतात. समुद्र आणि आभाळ एका रंगाचं होतं ती गोष्ट मला नीट सांगता येत नाही. मी ती नीट ऐकलेली नाही.

काकू बंगलोरला गेल्या नाहीत. तिथे करमत नाही म्हणाल्या आणि इथेच राहिल्या. बायको दर पंधरवड्याला आठवण करून देते. मी सांगतो, जायची लाज वाटते. ती म्हणते, लाज वाटणारा माणूस आधी जाऊन येतो. काकांना खोटं पाडायला शिरगावातून एक रिक्षा पकडायचा अवकाश आहे. हेल्मेट आणल्यापासून मी त्या घरी गेलेलो नाही.