कॉन्फरन्स सेंटरच्या तळ्यातली बोट

सासूबाई दाराला लिंबू-मिरची बांधायच्या, आणि लिंबू ताजं असलं की मी ते काढून सरबत करायचे... एवढाच माझा असल्या गोष्टींवर विश्वास. तेव्हा ‘बाईंना भास झाला असेल’ असं कुणी कमेंटमध्ये लिहू नका. जे झालं ते भर दिवसा, सकाळी साडेअकराला झालं.

जागा बोईसरजवळची, बेटेगावच्या पुढे थोडी आत. मुळात तिथे चिकू-नारळाची वाडी होती, मधोमध एक घर. मग मुंबईच्या कुणा शेठने ती घेतली, ओढ्याला बांध घालून तळं केलं, काठाला कॉटेजेस बांधली आणि रिसॉर्ट काढलं. ते घर तळ्याखाली गेलं. पुढे रिसॉर्टचा धंदा बसला, आणि एका विद्यापीठाने ते घेऊन कॉन्फरन्स सेंटर केलं. डान्स फ्लोअरचा सेमिनार हॉल झाला, बारच्या जागी लायब्ररी! मी तिथे सहा वर्षं ऑफिसात होते.

माझी मुलगी सई तेव्हा आठ वर्षांची. तिला दमा. डॉक्टर म्हणाले, हवा बदला. म्हणून नाना खटपटी करून मी नाशिकला बदली मिळवली. त्या दिवशी माझा शेवटचा दिवस होता, आणि सईने हट्ट धरला — रिसॉर्टच्या वेळची ती पायडलची बोट एकदा तरी चालवायची. हॉलमध्ये परिषदेचं उद्घाटन चाललेलं, मला काही काम नव्हतं. म्हटलं, चल. पर्स भिजायला नको म्हणून काठावर ठेवली. पर्समध्ये फोन, आणि सईचा दम्याचा पंप. हा शहाणपणा माझाच.

बोटीत बसताना मी तळ्याला म्हटलं, “जाते बाई एकदाची. परत काही तुझं तोंड बघणार नाही.”

बरोब्बर मध्यावर बोट थांबली. पायडल फिरत होतं, मागचं चाक पाणी उडवत होतं, पण बोट जागची हलेना. शेवाळ असेल म्हणून हात घालून चाचपलं — काही नाही. सुकी पानं वाऱ्याने आमच्या बाजूने वाहत पुढे जात होती, आम्हीच तेवढ्या खिळलेल्या. दहा मिनिटं गेली, वीस गेली... मी घसा फाडून ओरडले, पण हॉलमध्ये माइकवर कुणाचं तरी भाषण रंगलेलं. गेटवरच्या वॉचमनने पाहिलं आणि हसून हात हलवला. त्याला वाटलं, मॅडम मजे ले रही है. चारी बाजूंना काठ दिसत होता, चहाचे कप घेऊन उभी माणसं दिसत होती, आणि एकाही माणसापर्यंत मी पोचू शकत नव्हते. इतका संताप आणि इतकी भीती एकाच वेळी मला कधी वाटली नव्हती.

मग सईच्या छातीत शिटी वाजायला लागली. ती खांदे उचलून श्वास ओढायला लागली. मला पोहता येत नाही. आणि येत असतं तरी तिला तशी सोडून कुठे जाणार होते?

तेवढ्यात बागेत काम करणाऱ्या जानकीकाकू पाणी घालत काठाशी आल्या. आम्हाला पाहिलं आणि हातातला पाइप टाकला. बोटीला काय झालं, हे त्यांनी विचारलंच नाही.

“जाते बोललीस काय गो तू?”

मी हो म्हणून ओरडले.

“येते बोल. आता बोल.”

निघताना ‘जाते’ म्हणू नये, ‘येते’ म्हणावं, हे मलाही ठाऊक होतं. पण ते घरच्यांना. तळ्याला कोण म्हणतं? तरी म्हटलं. चार-पाच वेळा म्हटलं. मनात मात्र हेच, की एकदा सुटू दे, मेले तरी इथे पाऊल ठेवणार नाही. बोट ढिम्म.

सई वाकून पाण्याकडे बघत होती. दोन श्वासांच्या मध्ये कसंबसं म्हणाली, “मी येते हं परत.”

बोट अशी सुटली की मी मागे आपटले. माझे पाय पायडलवर नव्हते. काठाशी जानकीकाकू माझ्या पर्समधला पंप हातात घेऊन गुडघाभर पाण्यात उभ्या होत्या.

सईच्या चेहऱ्यावर रंग आल्यावर काकू माझ्याशेजारी बसल्या. तळ्याखालचं ते घर त्यांचं होतं. वाडी सोडताना बाकीचे नुसते रडत निघाले, या एकट्या घराला ‘येते’ म्हणाल्या. तेव्हा वय सोळा. मग रिसॉर्टच्या भटारखान्यात भांडी घासायला आल्या, विद्यापीठ आल्यावर बागेत. लग्न होऊन जवळच्या पाम गावात गेल्या, तरी रोज इथेच. मुलगा वापीला बोलावतो, पण तिथे दोन दिवस काढले की तिसऱ्या दिवशी ताप भरतो. मी म्हटलं, काकू, मग नोकरी सोडून का नाही देत?

“मी सोडीन गो. पन मला कुठं सोडलं हाय?”

नंतर प्लंबरने बोट उलटी करून पाहिली. चेन, चाक, सगळं ठणठणीत. माझा नवरा म्हणतो, खालून प्रवाह असेल. बांध घातलेल्या तळ्यात कसला आलाय प्रवाह!

नाशिकला येऊन दोन वर्षं झाली. सईने पंप हातात धरलेला नाही. पण मधूनच विचारते, आपण तिकडे कधी जायचं? मी टाळते. गेल्या आठवड्यात चिडलेच. म्हटलं, लहान मुलांचं बोलणं कुणी धरून बसत नाही.

ती शांतपणे म्हणाली, “आई, तू खोटं बोललीस, म्हणून मला खरं बोलावं लागलं.”

त्या दिवशी काय झालं, ते मला आजही सांगता येत नाही. तिला तिकडे न्यायचं की नाही, तेही नाही.