दर चौथ्या पायरीला बसणारी बाई

सुशीलानं, माझ्या बायकोनं, शेवटची गोष्ट वाचून दाखवली तेव्हा मी शेंगा फोडत होतो. दुपारचे चार वाजले असतील. ती खुर्चीवर, मी खाली, आणि तिचा आवाज चढा. एमआयडीसीत टॉवेलच्या मागांवर जन्म गेला, माझे कान तिथंच राहिले. मी चौथी शिकलेला, ती सातवी. तरी दिवाळी अंकात तिच्या विनोदी गोष्टी यायच्या, आणि देण्याआधी ती मला ऐकवायची. मी हसलो तिथं पेन्सिलीची खूण. नाही हसलो तर ते वाक्य खोडायची. स्वतः मात्र वाचताना कधी हसली नाही. एकदा विचारलं तर म्हणाली, "वाढणारीच आधी जेवली तर पंगत उठून जाती." आणि म्हणायची, विनोद आणायचा नसतो, माणसाच्या दुखऱ्या जागी हात ठेवायचा, तो आपला येतो. मला तेव्हा ते काही कळलं नाही.

त्या दिवशीची गोष्ट एका बाईची. गच्चीवर जाताना दर चौथ्या पायरीला बसते. नवरा खालून विचारतो, काय झालं? ती म्हणते, मुंग्यांची वरात चाललीय, वाट देते. पुढच्या वेळी म्हणते, शेजारणीचं भांडण हितनं झकास ऐकू येतं. नवरा दर वेळी "बरं बरं" म्हणून पेपर वाचतो. मी इतका हसलो की शेंगा सांडल्या. तिनं खूण केली नाही. माझ्याकडं बघत राहिली...

"एवढं काय हसताय? असत्यात की तसल्या बाया."

मला वाटलं, हेपण गमतीतलंच.

वही ठेवून ती वाळलेले कपडे आणायला गेली. थोड्या वेळानं बघतो तर जिन्यात तिच्या साडीचा काठ दिसत होता. बसली होती. मी ओरडलो, "काय गं, वरात आली व्हय?" उत्तर नाही. मला आणखीनच हसू आलं. म्हणलं, मला गोष्टीतला नवरा करतीय. हातातल्या शेंगा संपवल्या... मग उठलो.

कठड्याला डोकं टेकून होती. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं. धाप तर कधीची लागत असणार, घरात कुणाला सांगितलं नाही का? मला तर वाचून दाखवलं होतं.

संध्याकाळीच सगळं उरकलं. सकाळी अंगणात अंघोळीचा बंब पेटला होता. वही त्यात घालावी असं लई वाटलं. लोक वाचणार, हसणार, आणि कुणाला हसणार ते मला ठाऊक. पण तिनं मेहनत केली होती. वही पिशवीत घालून सायकल काढली.

बहीण आडवी आली. "दादा, सुतकात कुटं निगालास?"

"तिचं काम हाय," म्हणलं.

अंकाच्या संपादकाला काही कळलं नव्हतं. उभ्यानंच वाचली, दोनदा खदखदून हसला.

"काका, बाईंना सांगा, फक्कड जमलीय. फक्त नवरा अतीच खुळा झालाय. एवढा कोण असतो? जरा कमी करू का?"

"असतो. एक अक्षर काढायचं न्हाय."

मग बाई काल गेल्याचं त्याला सांगितलं.