दोघं आत, एक बाहेर

"जाय आता. अन् मांगं पाहू नोको, सूनबाई."

शेजारच्या शेतातल्या काकांचं हे वाक्य मी हिवाळाभर ऐकायची. आमच्या शेतांना लागून तलाव. त्याच्या काठावर पाखरं पाहायला ते तुराट्यांचं, म्हणजे तुरीच्या वाळक्या काड्यांचं, लपण बांधायचे; आत जेमतेम दोघं मावतील एवढं, पाण्याकडे एक फट. तरुणपणी अशाच लपणातून त्यांनी चोरून बदकं मारली होती. पुढे बंदूक गेली, मटणाची चव गेली. बसणं गेलं नाही.

एरवी हा माणूस बसेल तर शपथ. चहा उभ्यानंच. लग्नात पंगत उठायच्या आत चपला शोधत फिरायचे. तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. लपणात मात्र नुसता दगड.

आत जाताना त्यांना सोबत लागायची. दोघांनी आत शिरायचं, एकानं बाहेर पडून सरळ निघून जायचं. पाखरांना वाटतं, लपण रिकामं झालं. "त्याइले गिनती येत नाही," काका म्हणायचे. ती सोबत म्हणजे मी. बांधावर निंदणाच्या बाया खोळंबलेल्या, आणि मी पाखरांना फसवायला निघालेली.

एकदा त्यांनी ओल्या तुरीचंच लपण बांधलं. थोड्या वेळानं आतून ओरड आली, "अवं सूनबाई, तुही बकरी माही भिंत खाऊन राह्यली!"

"मंग बसा उघड्यावर. बदकाइले तुमचं तोंड पाठच आहे."

गेल्या हिवाळ्यात काकांचे गुडघे गेले. मुलगा त्यांना पुण्याला कायमचं न्यायला येणार होता. त्याआधी काकांना एकदा मोठे हंस जवळून पाहायचे होते, डोक्यावर काळे पट्टे असलेले. नेमके ते येईनात. काका सारखे बांधावर चढायचे, उतरायचे. माझंही खुरपं हातात आणि नजर आभाळात.

निघायच्या दिवशी सकाळी हंस आले. आम्ही लपणाकडे वळताच थवा उठला, वर घिरट्या घालू लागला. आत शिरलो, तोच तलावापलीकडे मुलाच्या जीपचा हॉर्न. पुन्हा हॉर्न.

"तुमी बसा, मी त्याले थांबवते."

"वाशीमहून रेल्वे हाय. थांबन कशी? तूच बस."

"मी?"

"इतके वर्सं आली, कदी पाह्यलं काय? किती जवळ येतात, फोनवर सांगजो."

नव्हतं पाहिलं. ते बाहेर पडले.

मी फटीला डोळा लावला. पाण्यापलीकडच्या बांधावरून काका चालले होते, काठी टेकत, कुठंही न थांबता. हंस उतरले, इतके जवळ की पाण्याचे शिंतोडे तुराट्यांवर आले. जीपचं दार वाजलं.

काकांनी मागं पाहिलं नाही.